बॉनेटखालचा पसारा
(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



काल याच व्यासपीठावरून तुम्ही तुकोबा ऐकलेत, उद्या ऊसदर ऐकणार आहात, आणि मधल्या दिवशी मी उभा आहे मोटारीचं बॉनेट उघडून. कार्यवाहांना फोनवर विषय सांगितला, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे गाडी धुण्याबद्दल का?" मी म्हटलं, "नाही, पसाऱ्याबद्दल." तो शब्द त्यांना पटला असावा. पत्रिकेवर तोच छापला गेलाय.

पाहुणे येणार म्हटलं की आपल्या घरात काय होतं, ते वेगळं सांगायला नको. वर्तमानपत्रं, चार्जर, औषधांचा डबा, अर्धवट विणलेला स्वेटर, सगळं कॉटखाली. पाहुणे खूश होऊन जातात आणि आपल्याला पुढे आठ दिवस बीपीची गोळी सापडत नाही. प्रदर्शनासाठी गाडी सजवणाऱ्या माणसालाही हाच मोह पडतो. फरक एवढाच की त्याच्या कॉटखाली ढकललेल्या सामानातून वीज, पेट्रोल आणि ब्रेकचं ऑइल वाहत असतं.

हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो १९९७ साली, डेट्रॉइटच्या ऑटोरामा प्रदर्शनात. मी तेव्हा मिशिगनमध्ये गाड्यांची वायरिंग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होतो. दिवसभर संगणकावर वायरींचे जुडगे काढायचे, हेच काम. ऑटोरामा भरतं त्या जागेला तेव्हा कोबो हॉल म्हणत, आता हंटिंग्टन प्लेस म्हणतात. तिथे १९६४ पासून रिडलर पुरस्कार देतात. त्याची अट मोठी कडक आहे: गाडी त्याआधी कुठेही प्रदर्शनात मांडलेली नसावी. म्हणजे माणसं चार-चार, पाच-पाच वर्षं दार लावून काम करतात आणि गाडी लोकांसमोर येते ती थेट तिथेच.

एका १९३२ च्या फोर्डपाशी मी थांबलो. इंजिन व्ही-आठ, आठ सिलिंडरांचं, चांगलं दांडगं. त्याच्या भोवती मात्र काहीच नाही. ना वायर, ना बॅटरी, ना फ्यूजचा डबा. इंजिनामागची फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा, इतकी गुळगुळीत की तिच्यात मला माझा मफलर दिसला. शेजारच्या माणसाला मी विचारलं, "हे चालतं?" त्याने माझ्याकडे पाहिलं, आत हात घालून किल्ली फिरवली, आणि इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं. रोज ज्या वायरी मी काढत होतो, त्या सगळ्या या गाडीत असणारच. मग त्या गेल्या कुठे? पुढची सात-आठ वर्षं माझे शनिवार-रविवार याच प्रश्नात गेले.

मुळात ३२ च्या फोर्डच्या बॉनेटखाली पसारा नव्हताच. कारखान्यातून यायचं ते इंजिन ३.६ लिटरचं, ६५ अश्वशक्तीचं. वायरी बोटांवर मोजाव्यात इतक्याच. गर्दी झाली ती नंतर, आणि निम्मी कायद्याने झाली. साठच्या दशकात इंजिनातली वाफ परत इंजिनातच ओढून घेणारा व्हॉल्व्ह आला, १९७० साली अमेरिकेत शुद्ध हवेचा मोठा कायदा झाला, १९७५ च्या मॉडेलांपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. ऐंशीच्या सुरुवातीच्या काही कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत व्हॅक्यूमच्या रबरी नळ्यांचं असं जाळं होतं की त्याच्या नकाशापुढे मुंबईचा लोकलचा नकाशा सोपा वाटावा. मग संगणक आला, सेन्सर आले. आजच्या गाडीतली वायर सरळ केली तर किलोमीटरच्या हिशेबात भरते. या पसाऱ्याने हवा सुधारली, हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्या धंद्यातले लोक ते सांगत नाहीत.

उलट बाजूने, गाडीवरचं अनावश्यक काढून टाकायची हौसही जुनीच. १९५२ साली कॅलिफोर्नियात बॅरिस बंधूंनी हिरोहाता नावाच्या तरुणासाठी १९५१ ची मर्क्युरी बनवली. तिचं छप्पर खाली उतरवलं, दारांच्या मुठी काढल्या आणि भोकं बुजवून पत्रा एकसंध केला. तेव्हा पुट्टी नव्हती, शिसं आणि कथील वितळवून भरत. अशा गाड्यांना पुढे 'लेड स्लेड', म्हणजे शिशाची घसरगाडी, असं नाव पडलं. बाहेरचा पत्रा गुळगुळीत झाला, तशी ही हौस पुढे बॉनेटखालीही उतरली.

ऑटोरामातला तो माणूस निवृत्त टूल अँड डाय मेकर निघाला. डेट्रॉइटच्या आसपास असे म्हातारे बरेच भेटतात. आयुष्यभर हजारांश इंचात मोजल्यामुळे त्यांना बोलतानाही फार शब्द लागत नाहीत. मी त्याच्या गॅरेजमध्ये जाऊ लागलो. माझ्याकडे १९९३ ची होंडा सिव्हिक हॅचबॅक होती. म्हाताऱ्याला जपानी गाड्यांचा मनापासून राग, पण भोकं बुजवायचा त्याहून मोठा शौक.

इंजिन बाहेर काढलं, फायरवॉल मोकळी केली. त्याने मला मास्किंग टेपचं बंडल आणि पेन दिलं. प्रत्येक भोकावर टेपचा तुकडा लावायचा आणि त्यातून काय जात होतं ते लिहायचं. त्रेपन्न तुकडे लागले. हीटरचे दोन होज, क्लचचा मास्टर सिलिंडर, वायरिंगचा मुख्य जुडगा, ब्रॅकेटचे बोल्ट. काहींवर मी प्रश्नचिन्ह काढलं. ग्राइंडर उचलणार एवढ्यात त्याने माझं मनगट धरलं. आधी सगळं परत बसवायचं म्हणाला, कच्चं. इंजिन, रेडिएटर, पंखा, पाइप सगळं जागेवर ठेवायचं, प्रत्येक वस्तूची नवी जागा ठरवायची, ती तिथे बसते का ते पाहायचं, आणि तिथून ती पुन्हा निघते का तेही पाहायचं. या कामाला अडीच महिने गेले. तोवर एकही भोक बंद केलं नव्हतं.

फायरवॉलच्या मधोमध चेसिस नंबर ठोकलेला होता. त्यावर त्याने स्वतः जाड पत्रा टेपने चिकटवला. "याला ग्राइंडर लागला, की ही गाडी चोरीची," एवढंच बोलला.

मग वेल्डिंग. पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. भोकाच्या मापाची चकती कापायची, पत्र्याच्या रेषेत धरायची आणि चार बाजूंनी चार टाके मारायचे. मग थांबायचं. पत्र्यावर तळवा टेकवून पाहायचं. हात ठेवता आला तरच पुढचा टाका, तोही समोरच्या बाजूला. घाई केली की पत्रा आकसतो आणि फुगतो, आणि बोटाने दाबला की बिस्किटाच्या डब्याच्या झाकणासारखा 'टक्क' आवाज करतो. माझी पहिली सात भोकं अशी टक्क झाली. ती परत कापून काढली. नंतर टाके घासून सपाट करायचे, हातोडी-डॉलीने पत्रा बसवायचा, प्रायमर द्यायचा, पुट्टी कागदाइतकी पातळ लावायची, आणि मग पाणपेपर. एकशेऐंशी, तीनशेवीस, सहाशे. बोटांचे ठसे जाईपर्यंत घासायचं, आपले आणि पेपरचे दोन्ही.

पत्र्याचं काम दिसतं, म्हणून लोकांना त्याचं कौतुक. खरं डोकं लागतं ते वायरिंगला, आणि तिथेच मी घसरलो.

सिव्हिकवाल्या पोरांत तेव्हा एक सोपी युक्ती चालायची: हेडलाइटकडे जाणारा जुडगा आतल्या मडगार्डच्या पलीकडून, चाकाच्या वरून न्यायचा. बॉनेट उघडलं की वायर दिसत नाही. मीही तेच केलं. वर्षभर सगळे वाहवा करत होते. एका पावसाळी रात्री हायवेवर खड्डा लागला, गाडी दबली आणि समोरचे दोन्ही दिवे गेले. ताशी शंभरच्या वेगात समोर मिट्ट काळोख. गाडी कशीबशी कडेला घेतली. चाक फिरताना जुडग्याला दर वळणावर चाटून जात होतं. वर्षभरात इन्सुलेशन झिजलं आणि तांबं उघडं पडलं. दोष सर्वस्वी माझा. ज्या कंपनीत मी पगार घेत होतो, तिथल्या कुठल्याही नवख्या मुलानेही हे होऊ दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने जुडगा पाहिला, चाक हाताने फिरवलं आणि विचारलं, "रात्री दोन वाजता, पावसात, तू सोडून दुसऱ्या कुणाला ही वायर सापडली असती?" मी नवा जुडगा बनवला. या वेळी वायरी डॅशबोर्डच्या मागून नेल्या. पत्र्यातून जाते तिथे प्रत्येक ठिकाणी रबरी ग्रोमेट, थिंबल नीट दाबलेली, वरून हीट-श्रिंक स्लीव्ह, प्रत्येक जोडाशी हातभर नाही तरी बोटभर ढील, आणि टोकाला छापील नंबर. सगळ्याची आकृती एका कागदावर काढून ती ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवली. बॉनेट उघडल्यावर दिसायचं तेवढंच, पूर्वीइतकंच मोकळं. फोटोत दोन्ही कामं सारखीच दिसतील.

पैठणी घेताना आपल्या आज्या पदर उलटून पाहायच्या. हातमागाची असेल तर मागून-पुढून वेल सारखीच. चांगला परीक्षक गाडीपाशी हेच करतो. आरसा आणि टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसतो आणि जे तुम्ही लपवलंय तिथेच बघतो.

बॅटरीचंही तसंच. ती डिकीत न्यायची ही सर्वांत लाडकी कल्पना. पण मग स्टार्टरपर्यंत पाच मीटर केबल टाकावी लागते. स्टार्टर दोनशे अँपिअर ओढतो. केबल पस्तीस चौरस मिलिमीटरची असेल तर वाटेत अर्धा व्होल्ट जातो. पैसे वाचवायला सोळाची टाकली तर एक व्होल्टहून जास्त, आणि थंडीच्या सकाळी गाडी नुसती कण्हते. शिवाय बॅटरीलगत मोठा फ्यूज हवाच. नाहीतर ती केबल कुठे घासली, तर आख्खी गाडी वेल्डिंगचं मशीन होते. साधी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तेव्हा बंदिस्त डिकीत तिच्या वायूची नळी थेट बाहेर काढावी लागते.

काही लोक याच्याही पुढे जातात. ब्रेकचा बूस्टर काढतात, एबीएस काढतात, जागा मोकळी करतात. प्रदर्शनात ट्रेलरवरून नेऊन ठेवायच्या गाडीचं मी काही बोलत नाही. रस्त्यावर चालवायच्या गाडीचा ब्रेक शोभेसाठी कमी करणं हा माझ्या मते शुद्ध निर्बुद्धपणा आहे. तीच गोष्ट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची; अमेरिकेत तर रस्त्यावरच्या गाडीतून तो काढणं गुन्हाच आहे.

हे आपल्याकडे करता येईल का, असं मला मगाशी चहाच्या वेळी दोन तरुणांनी विचारलं. बाबांनो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. नोंदणीच्या कागदावर जे लिहिलंय त्याच्याशी गाडी जुळली पाहिजे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलंय. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी, बाहेरचा रंग बदलला तर तशी नोंद. वायरिंग नीटनेटकं करणं, बॉनेटखालचा गंज काढून रंग देणं यात नोंदणीचा शब्दही बदलत नाही. चेसिस नंबरपाशी मात्र हातात फक्त फडकं असू द्या.

मी परत आलो त्यानंतर वडिलांची प्रीमियर पद्मिनी हाती घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. लहानपणी तिच्या बॉनेटखाली वाकलं की इंजिनाच्या बाजूने खालची जमीन दिसायची आणि वडील ओरडायचे, "पाना आत पडेल!" हिच्यात लपवायला आहेच काय? वायरी नव्या केल्या, त्याच जुन्या वाटांनी नेल्या, नंबर घातले. वडिलांनी कधीतरी हॉर्नसाठी पाडलेली दोन भोकं तेवढी बुजवली. ब्रेकचं ऑइल सांडलं की रंग उचलतं, म्हणून मास्टर सिलिंडरखाली दर महिन्याला कोरडं फडकं फिरवतो. सगळ्या बोल्टांची डोकी एका दिशेला फिरवून बसवली आहेत. ही मात्र निव्वळ हौस, तिचा उपयोग शून्य.

गाडी बाहेर पटांगणात उभी आहे, बॉनेट उघडंच ठेवलंय. आकृतीचा कागद पुढच्या सीटवर आहे. कुठलीही वायर बोटाने धरा आणि कागदावर शोधा. हात लावायला हरकत नाही. फक्त बोटात अंगठी असेल त्यांनी ती काढून ठेवावी, कारण बॅटरी मी डिकीत नेलेली नाही, बॉनेटखालीच आहे.