तर्काचे घोडे आणि तपासाची वाट



९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात, मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे भरदिवसा अपहरण झाले आणि त्याच सायंकाळी त्यांचा छिन्नविच्छिन्न देह मिळाला. तीनच दिवसांपूर्वी गावाजवळच्या पवनऊर्जा प्रकल्पाच्या आवारात एका सुरक्षारक्षकाला मारहाण झाली होती आणि गावचा कारभारी या नात्याने देशमुख मध्ये पडले होते. त्या प्रकल्पाच्या कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड ते आले, म्हणून त्यांचा जीव घेतला गेला, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. त्या आरोपाचा निवाडा करण्याचे काम न्यायालयाचे आहे. आजचा विषय त्या हत्येनंतर समाजमनात जे घडले, त्याच्याशी संबंधित आहे.

हत्येनंतर काही आरोपी लगेच पकडले गेले, काही मात्र दिसेनासे झाले. बालाघाटच्या रांगांनी वेढलेला हा मुलूख पळणाऱ्याला सोयीचा आहे. उजाड माळ, ओढ्यांच्या घळी, बाभळीची बने, डिसेंबरात पुरुषभर उंच उभा असलेला ऊस आणि काही तासांत गाठता येणारी कर्नाटक व तेलंगणाची सीमा. त्यातच दिवाळीनंतर या जिल्ह्यातील लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली असतात. गावे अर्धी ओस पडतात, रस्त्यांवर रात्रंदिवस अनोळखी माणसांची ये-जा चालते. अशा वेळी माणूस हरवणे सोपे आणि त्याच्याविषयी वाटेल ते बोलणे त्याहून सोपे!

पहिल्या तीन-चार आठवड्यांत जितकी तोंडे तितक्या कथा झाल्या. फरारी परदेशात पोहोचले, असे कोणी छातीठोकपणे सांगितले. कोणी त्यांना परराज्यात पाहिले. एका सामाजिक कार्यकर्तीला आलेल्या निरोपाच्या आधारे तर तिघा फरारींचे खून झाल्याची वार्ता डिसेंबरच्या अखेरीस महाराष्ट्रभर पसरली आणि ती खोटी असल्याचे पोलिसांना जाहीर करावे लागले. वस्तुस्थिती काय निघाली? खंडणीच्या गुन्ह्यात हवे असलेले वाल्मिक कराड ३१ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यात गुन्हे अन्वेषण विभागाच्या कार्यालयात स्वतः हजर झाले. खुनाच्या गुन्ह्यातील दोन फरारी ४ जानेवारी २०२५ रोजी पकडले गेले, तेही पुण्यातच. ज्यांना अफवांनी मृत ठरवले होते, त्यांपैकी दोघे जिवंत होते आणि लाखो लोकांच्या शहरात वावरत होते. आणखी एका आरोपीला आरोपपत्र दाखल होतानाही फरारच दाखवावे लागले. मार्च २०२५ मध्ये तो नाशिकच्या गंगापूर रस्त्यावर दिसल्याची बातमी आली. पोलिसांनी तो भाग पिंजून काढला, पण तो हाती लागला नाही.

लोक असे तर्क का करतात, हेही प्रामाणिकपणे समजून घेतले पाहिजे. तपास यंत्रणेचे मौन जेथे सुरू होते, तेथे अफवेला पालवी फुटते. या प्रकरणात जनतेचा अविश्वास निराधार नव्हता. २० डिसेंबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत विशेष तपास पथक आणि न्यायालयीन चौकशीची घोषणा केली, जिल्हा पोलीस अधीक्षकांची बदली केली. पुढे आरोपींवर संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा लागला आणि ४ मार्च २०२५ रोजी मंत्री धनंजय मुंडे यांना पद सोडावे लागले. रस्त्यावर उतरलेल्या सामान्य माणसाने प्रश्न विचारले नसते, तर हे इतक्या वेगाने घडले असते का? प्रश्न विचारणे हा नागरिकाचा हक्कच नव्हे, तर धर्म आहे. पण प्रश्न विचारणे वेगळे आणि माहिती नसताना उत्तर रचून ते सत्य म्हणून वाटणे वेगळे. पहिल्याने शासन जागे होते, दुसऱ्याने तपासाचे पाय अडखळतात.

पाश्चात्त्य देशही या रोगातून सुटलेले नाहीत. जुलै २०१९ मध्ये कॅनडात तीन हत्यांच्या संशयावरून दोन तरुणांचा शोध सुरू झाला. त्यांची जळालेली मोटार मॅनिटोबा प्रांतातील गिलम या आडगावाजवळ मिळाली. चहूकडे दलदल, घनदाट अरण्य आणि डासांचे थवे. संपूर्ण देश घरबसल्या गुप्तहेर झाला. कोणी त्यांना शेकडो कोस दूरच्या प्रांतात पाहिले. यॉर्क लँडिंग या वस्तीजवळ ते दिसल्याची खबर आली, तेव्हा पोलिसांचा फौजफाटा तिकडे धावला आणि रिकाम्या हाताने परतला. अखेर ७ ऑगस्टला दोघांचे मृतदेह मिळाले ते जळालेल्या मोटारीपासून अवघ्या आठ किलोमीटरवर, नदीकाठच्या झाडीत. २०१३ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथील बाँबस्फोटानंतर तर लोकांनी छायाचित्रे जुळवून भारतीय वंशाच्या एका बेपत्ता विद्यार्थ्याला गुन्हेगार ठरवले. त्याचा स्फोटाशी काहीही संबंध नव्हता. काही दिवसांनी त्याचा मृतदेह मिळाला. मुलाच्या काळजीने खचलेल्या त्या कुटुंबाने मधल्या काळात काय सोसले असेल, याची कल्पना करवत नाही.

आपल्या मातीतील उदाहरणे याहून दाहक आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने पाच जणांना ठेचून मारण्यात आले. ते होते मंगळवेढा परिसरातील नाथपंथी डवरी गोसावी, पिढ्यान् पिढ्या भिक्षेवर जगणारे भटके. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवेने पेटलेल्या जमावाच्या हाती मारले गेले. कोणाचे तरी अनामिक बोलणे कर्णोपकर्णी होत गेले आणि शेवटी काठ्यांच्या हाती पोहोचले. आज बीडचा ऊसतोड मजूर परक्या गावाच्या शिवारात खोपी करून राहतो. उद्या कोणी त्याच्याकडे बोट दाखवून ‘हाच तो फरारी’ म्हटले, तर त्याच्या बाजूने बोलणारा तेथे कोण असेल?

या प्रकरणातील तर्ककुतर्कांना आणखी एक विषारी फाटा फुटला, तो जातीचा. मृत कोणत्या जातीचा, आरोपी कोणत्या जातीचे आणि म्हणून त्यांना लपवणारे कोणत्या जातीचे असतील, असे गणित मांडले जाऊ लागले. एका घोटातला चहा वाटून घेणारे शेजारी एकमेकांच्या आडनावाकडे पाहू लागले. जिल्ह्याच्या पोलीस दलात छातीवरच्या नामपट्टीवरून आडनाव काढून केवळ नाव ठेवण्याचा निर्णय घ्यावा लागला, यावरून दरी किती रुंदावली होती, हे ध्यानी येते. खून करणाऱ्याचे पाप त्याचे एकट्याचे असते, त्याच्या संपूर्ण ज्ञातीचे नव्हे. समरसता हा व्यासपीठावरचा शब्द असेल, तर त्याची खरी कसोटी अशाच दिवसांत लागते.

महाभारतातील द्रोणवधाचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. अश्वत्थामा मेला, हे खरे. पण तो हत्ती होता, हे शब्द शंखनादात बुडाले. अर्ध्या सत्याने एका महारथ्याच्या हातातील शस्त्र गळून पडले आणि असे म्हणतात की, भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या क्षणी भूमीला टेकला. सत्यवचनी पुरुषाची ही गत होते, तर रोज सकाळी दहा निरोप पुढे ढकलणाऱ्या हातांचे काय? दुसरे उदाहरण आपल्याच इतिहासातले. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला, तेव्हाही पुण्यात कुजबुजीला ऊत आला असेल. पण इतिहासाने आदराने नाव जपले ते रामशास्त्री प्रभुण्यांचे. त्यांनी चौकशी केली, निष्कर्षापर्यंत गेले आणि मग सत्ताधीशासमोर उभे राहून दोषाचे माप त्याच्या पदरात घातले. धैर्य आणि पुरावा एकत्र आले की न्याय होतो. नुसत्या आवाजाने होत नाही.

कायद्याने फरारीसाठी मार्ग आखून दिले आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार न्यायालय त्याला हजर होण्याचा जाहीरनामा काढू शकते, त्याची मालमत्ता जप्त करू शकते, आणि गंभीर गुन्ह्यात ठरलेल्या अटी पाळून त्याच्या गैरहजेरीतही खटला चालवू शकते. म्हणजे आरोपी लपला म्हणून न्याय थांबलाच पाहिजे, असे नाही. दुसरीकडे, समाजात भय किंवा वैर पसरवणारी खोटी माहिती प्रसृत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ अन्वये गुन्हा आहे, हेही घराघरांत सांगितले पाहिजे.

लोकांनी हातावर हात ठेवून बसावे, असा याचा अर्थ नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यातील स्वारगेट बसस्थानकावरील अत्याचार प्रकरणाचा आरोपी शिरूर तालुक्यातील गुनाट गावच्या उसात लपला होता. पोलिसांनी ड्रोन उडवले, श्वानपथके आणली. पण त्याला पकडण्यात गावकऱ्यांचा वाटा मोठा होता. त्यांनी पाहिले ते पोलिसांना सांगितले, पोलिसांबरोबर शिवार पालथे घातले. डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट योग्य जागी पोहोचवणे, हे शंभर तर्कांपेक्षा मोलाचे ठरले.

कार्यकर्त्याचे काम येथून सुरू होते. पाहिले असेल ते ११२ क्रमांकावर किंवा तपास अधिकाऱ्याला सांगावे. केवळ ऐकले असेल तर ते आपल्यापाशीच थांबवावे. वस्तीत परका दिसला तर आधी त्याला पाणी द्यावे, मग नाव विचारावे आणि शंका उरलीच तर पोलिसांना बोलवावे. दोन समाजांत संशय वाढत असेल, तर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना एका पारावर बसवावे. आणि मस्साजोगच्या त्या घराच्या दारात जावे, ते बातमी विचारायला नव्हे, खटल्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत सोबत करायला. अफवा चार दिवसांत विरते. त्या कुटुंबाला मात्र न्यायालयाच्या पायऱ्या वर्षानुवर्षे चढायच्या आहेत. तेव्हा गर्दी ओसरलेली असेल. सज्जनशक्तीने त्या वेळी तेथे असावे, एवढीच अपेक्षा.