एक पिशवी, एक टेबल



बदलापूर पूर्वेच्या शिरगावातली एखादी एकटी आई डोळ्यांपुढे आणा. नवरा गेलेला, पदरात दोन मुलं, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत रेशनकार्ड, आधारच्या झेरॉक्स, मृत्यूचा दाखला, मुलांची बोनाफाईड. मृत्यूचा दाखला नगरपरिषदेतून, उत्पन्नाचा अंबरनाथच्या तहसीलमधून. बालसंगोपन योजनेत मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात, त्यासाठी लोकल धरून ठाणं गाठायचं. प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडते आणि प्रत्येक खिडकीपाशी नवरा कसा गेला, हे पहिल्यापासून सांगावं लागतं.

आता या घराबद्दल कुणाला काय ठाऊक असतं ते पाहा. धाकट्याचं वजन घटलंय, हे अंगणवाडी सेविकेच्या वहीत आहे. थोरली आठवड्यातले दोन दिवस गैरहजर असते, हे वर्गशिक्षिकेच्या हजेरीपटावर आहे. आईची औषधं मध्येच सुटली, हे आशाताईंना माहीत आहे. तिघीही आपापलं काम मनापासून करतात. पण थोरली घरी राहते ती आजारी आईच्या जागी धाकट्याला सांभाळायला, हे त्या तीन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

त्या शेजारी ठेवण्याची वाट कायद्याने आखून दिली आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार बालकल्याण समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, आणि समितीने महिन्यातून किमान वीस दिवस बसायचं असतं. समोर आलेल्या मुलाची सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत पुरी व्हावी लागते. मग त्या एकाच मुलासाठी काळजीचा वैयक्तिक आराखडा तयार होतो. आरोग्य, शिक्षण, मनाची घालमेल सगळं त्यात यावं, आणि मुलाचं म्हणणंही.

वेगवेगळ्या खात्यांनी एकत्र बसण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हा समाजकार्यकर्ती आणि पोलीस एकाच आवारात काम करू लागले. कोरोनाने घरंच्या घरं उघडी पाडली. आई-वडील दोघंही गमावलेल्या मुलांच्या नावे सरकारने पाच लाखांची ठेव ठेवली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये मिशन वात्सल्यखाली तालुका समित्या नेमल्या. विधवा झालेल्या बायकांचं वारसाचं, रेशनचं, शाळेचं काम तहसीलदारांसमोर एकत्र मांडण्याची सोय तेव्हा झाली.

बदलापूरला याची निकड वेगळी सांगायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. गुन्हा नोंदवायला झालेल्या दिरंगाईबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना खडसावलं. अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला द्यावी, असं पॉक्सो कायदा सांगतो. समिती त्या कुटुंबाला एक साहाय्यक व्यक्ती देऊ शकते. दवाखान्यापासून कोर्टापर्यंत तीच व्यक्ती बरोबर राहिली, तर लेकराला परक्या माणसांपुढे तेच ते पुन्हा उगाळावं लागत नाही.

न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात आणखी एक पाऊल टाकलं. तिथे मुलाचे आप्त जमतात, अधिकारी माहिती देतात आणि मग खोलीबाहेर जातात. घरची माणसं आपसांत ठरवतात, त्यानंतर सगळे पुन्हा एकत्र बसतात.

शिरगावच्या त्या आईलाही अशा बैठकीत टेबलापाशी खुर्ची हवी. तिच्यादेखत आराखड्याच्या शेवटच्या रकान्यात नावं आणि तारखा पडाव्यात: सेविका शुक्रवारी वजन घेतील, आशाताई औषधं पुन्हा सुरू करून देतील, दाखल्याचं तहसीलमध्ये कोण पाहील, थोरलीचा बुडलेला अभ्यास कोण भरून काढेल. आणि पुढची बैठक पंधरा दिवसांनी, तिच्या सुट्टीच्या वारी.