यकृतदान : कुटुंबाचा आधार, दात्याची इच्छा



कर्जत तालुक्यातील पोशीर आणि आसपासच्या गावांना कावीळ अपरिचित नाही. डोळे पिवळे दिसताच गळ्यात माळ घालावी, झाडपाल्याचे औषध द्यावे, ही कोकणातील जुनी रीत आहे. साधी कावीळ बहुधा आपोआप ओसरते आणि त्याचे श्रेय माळेला मिळते. परंतु कावीळ हे केवळ लक्षण आहे. तिच्यामागे यकृताचा गंभीर विकार दडलेला असल्यास माळेच्या भरवशावर गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. जन्मानंतर २ आठवडे उलटूनही कावीळ राहिली आणि शौच पांढुरके होऊ लागले, तर पित्तवाहिनी बंद असण्याची शंका घ्यावी लागते. त्यावरील शस्त्रक्रिया पहिल्या २ महिन्यांत झाली तर यशाची शक्यता अधिक असते. ती वेळ टळली किंवा शस्त्रक्रियेचा उपयोग झाला नाही, तर बहुधा यकृत प्रत्यारोपण हाच मार्ग उरतो. प्रौढांत मद्यपान, ब आणि क प्रकारची कावीळ व यकृतात साठणारी चरबी यांमुळे हीच वेळ येते.

मेंदू मृत झालेल्या व्यक्तींकडून मिळणारी यकृते आपल्या देशात गरजेच्या मानाने फारच थोडी आहेत. म्हणून येथे बहुतांश यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्यांच्या बळावर होतात. हे शक्य होते, कारण यकृत पुन्हा वाढते. दात्याकडे उरलेला भाग सुमारे २ ते ३ महिन्यांत बराचसा मूळ आकार गाठतो. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे एका जपानी मातेने आपल्या बाळाला यकृताचा अंश दिला. भारतात १९९८ मध्ये दिल्ली येथे एका पित्याने २० महिन्यांच्या मुलाला असे जीवदान दिले. तो मुलगा पुढे डॉक्टर झाला.

तथापि दात्याची शस्त्रक्रिया मोठी असते. क्वचित प्रसंगी तीत दात्याचा मृत्यूही ओढवतो. भाताची लावणी, भारे वाहणे यांसारखी जड कामे त्याला सुमारे ३ महिने वर्ज्य असतात. घर मोलमजुरीवर चालत असेल, तर ही मजुरी कशी भरून काढायची, याचा विचार आधीच व्हावा लागतो.

येथेच समाजाची कसोटी लागते. देशातील जिवंत अवयवदात्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून पुष्कळ अधिक आहे. पत्नीने, आईने, बहिणीने द्यावे, असे घरात गृहीत धरले जाते. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा मानतो. २०११ च्या दुरुस्तीने त्यासाठी ५ ते १० वर्षांच्या कारावासाची तरतूद झाली, तसेच आजी-आजोबा व नातवंडे यांचाही जवळच्या नातेवाइकांत समावेश झाला. २०१४ च्या नियमांनुसार दाता स्त्री असल्यास अधिक दक्षता घ्यावी आणि तिची स्वतंत्र संमती रोग्याखेरीज अन्य व्यक्तीकडून पडताळून घ्यावी, असे बंधन आहे. ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असेल, तरच ‘होय’ला दानाचे मोल येते.

या कामी पंचायतीचा वाटा मोठा आहे. नाते सिद्ध करणारे जन्म व विवाहाचे दाखले तिने विनाविलंब द्यावेत. दात्याच्या घरची शेतीची कामे गावाने वाटून घ्यावीत. शिक्षकांनी पांढऱ्या शौचाचा धोका पालकांना सांगावा. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्तीने नवजात बाळाला २४ तासांच्या आत ब प्रकारच्या काविळीची लस मिळाल्याची खात्री करावी. मरणोत्तर अवयवदानाची चर्चाही ग्रामसभेत व्हावी. मृत्यूनंतर होणारे दान जितके वाढेल, तितका घरच्या लेकी-सुनांवरील भार हलका होईल.

यकृतदानाचा प्रसार म्हणजे केवळ शस्त्रक्रियांची संख्या वाढवणे नव्हे. रोगी वेळेवर डॉक्टरांकडे पोहोचावा, दात्याने समजून-उमजून निर्णय घ्यावा आणि दोघांच्या पाठीशी गाव उभे राहावे, हाच त्याचा खरा अर्थ होय.