आगीच्या तोंडी काय द्यायचं?



जमैका बेटावर रास्ताफारी पंथाचे लोक राहतात. 1930 साली इथिओपियात हैले सेलासी यांचा राज्याभिषेक झाला आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकींच्या या वंशजांना त्यात बायबलमधलं भाकीत खरं झालेलं दिसलं. त्यांचा पहिल्या पिढीतला प्रचारक लेनर्ड हॉवेल. त्याने 'गांगुनगुरू मराग' हे नाव घेतलं होतं. त्यातला 'गुरू' ओळखीचा वाटतो ना? 1845 पासून तिथल्या मळ्यांवर आपल्या देशातले मजूर राबत होते, त्यांच्या सहवासाची ती खूण.

या पंथाची मोठी उपासना म्हणजे न्याबिंगी. रात्ररात्र ढोल घुमतात आणि उघड्यावर लाकडांची मोठी आग जळत असते. ती विझू द्यायची नाही. तिची राखण करायला माणूस नेमलेला असतो. ही आग म्हणजे देवाचा न्याय. जे जुलमी आहे ते जळेल, जे खरं आहे ते तावून सुलाखून निघेल. बॅबिलॉनच्या राजाने भट्टीत टाकलेले तीन तरुण केसालाही धक्का न लागता बाहेर आले, ही बायबलमधली कथा त्यांना फार जवळची. गुलामगिरी, वसाहतीचं राज्य, पोलिसी जाच या साऱ्याला ते 'बॅबिलॉन' म्हणतात आणि त्याचं नाव घेऊन त्यावर आग पुकारतात.

ही आग शब्दांची. ती माणसांवर गेली की काय होतं, तेही जमैकाने पाहिलं. 1963 मध्ये कोरल गार्डन्स इथे जमिनीच्या वादातून काही रास्ताफारींनी पेट्रोल पंप पेटवला, आठ जीव गेले. मग सरकारने दिसेल त्या रास्ताफारीला धरलं, मारलं, जटा कापल्या. ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता तेही भरडले गेले. सरकारने माफी मागितली ती 2017 मध्ये.

आता आपल्याकडे या. कामठा गावाच्या आसपास, सगळ्या गोंदिया-बालाघाट पट्ट्यात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नारबोद नावाची बाहुली निघते. दारापुढचे पळसाचे मेढे उपटायचे, नारबोदीबरोबर शिवेबाहेर न्यायचे आणि तिला पेटवून द्यायचं. पोरं वाटभर ओरडत असतात. खोकला ने, खरूज ने, डास-ढेकूण ने, रोगराई ने! काय न्यायचं ते एकेकाचं नाव घेऊन सांगायचं. जमैकाच्या त्या आगीशी आपलं नातं मला इथे दिसतं. दोन्हीकडे नाव घ्यावं लागतं. जे छळतं त्याचं नाव तोंडातून निघाल्याशिवाय आगीला काम मिळत नाही.

म्हणून मला मनापासून वाटतं, आपली यादी खोकल्यापाशी थांबू नये. धानाच्या बांधीत वर्षभर राबून शेवटी कर्जाचं व्याजच फेडणारी घरं आपल्या गावागावांत आहेत. हुंड्यापायी मोडलेली लग्नं आहेत. दारूने कोपऱ्यात बसवलेले बाप आहेत. यांची नावं पोरांच्या तोंडी का येऊ नयेत? नागपूरकरांनी ही वाट केव्हाच धरली आहे. तिथे पिवळ्या आणि काळ्या मारबतीच्या पुतळ्यांबरोबर बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, निघतात. दरवर्षी नवा विषय, कधी महागाई, कधी भ्रष्टाचार. गळ्यात पाटी अडकवलेला बडग्या गल्लोगल्ली फिरतो, लोक पाटी वाचतात, शेरे मारतात आणि शेवटी त्या पाटीसकट त्याला आग लावतात.