झाडावर चढणाऱ्याचा दोर



पावसाळा तोंडावर आला कीं आपल्या वाड्यांतून आणि सोसायट्यांतून एक प्रश्न दरवर्षीं उभा राहतो : गच्चीवर झुकलेली फांदी कोणी तोडावयाची? वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी 1975 च्या कायद्याप्रमाणें लागते, आणि ती मिळविण्यांत आपण पुष्कळ खटपट करतों. पुढें कोणी एक मनुष्य कोयता घेऊन येतो, मजुरी ठरते, आणि तो वर चढतो. तो कशाच्या आधारानें चढतो, हें मात्र आपण विचारीत नाहीं. मींही विचारलें नव्हतें.

ही 1998 सालची गोष्ट. शाळेच्या पटांगणांतील गुलमोहराची एक वाळकी फांदी काढावयाची होती. आलेल्या माणसानें दोर मागितला, तेव्हां कोठीच्या पत्र्यावर तीन उन्हाळे पडून असलेला निळा प्लास्टिकचा दोर मीं त्याला काढून दिला. तो कमरेस बांधून गडी सुमारें 20 फूट वर गेला. फांदी तुटतांना त्याचा पाय सुटला, दोरास झटका बसला आणि दोर तुटला. त्याचा प्राण वाचला, परंतु डावा पाय कायमचा अधू झाला. दप्तरीं ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ अशी नोंद झाली. ती मींच सुवाच्य अक्षरांत लिहिली होती.

दोर जाड होता, म्हणून मला तो बळकट वाटला होता. वास्तविक तो पॉलिप्रॉपिलीनचा. हा पदार्थ उन्हानें आंतून खचतो, आणि सुमारें 165 अंश उष्णतेस वितळतो. दोरावर दोर जोरानें घासला कीं तितकी उष्णता पाहतां पाहतां उत्पन्न होते. सामान बांधण्यास तो ठीक आहे. माणूस बांधण्यास नव्हे. वृक्षकाम करणाऱ्याचा दोर निराळा असतो. आंत गाभा, त्यावर घट्ट विणलेलें वेष्टन, आणि जाडी 11 ते 13 मिलिमीटर. निदान सव्वादोन टनांपर्यंत तो तुटतां कामा नये. माणसाचें वजन 70 किलो असतां एवढें बळ कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु गांठ मारतांच दोराचें एक तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक बळ जातें. आणि हातभर ढील सोडून पडलेला देह आपल्या वजनाच्या कित्येक पट झटका देतो.

सह्याद्रींत गिर्यारोहण करणारे आपले तरुण पुष्कळदां स्वतःचा दोर मोठ्या मनानें देऊं करतात. तोही येथें योग्य नाहीं. कड्यावरून पडणाऱ्यास सांवरण्यासाठीं तो ताणला जाईल असाच केलेला असतो. वृक्षावरील माणूस पडण्याची वाट पाहत नसतो. तो दोरावर बसूनच काम करतो, आणि बैठक खालींवर होऊं लागली तर करवत भलतीकडे जाते.

हीच गोष्ट पट्ट्याची. इमारतींच्या कामावर मिळणारा, पाठीवर कडी असलेला पट्टा पडल्यावर लटकवून ठेवण्यासाठीं आहे. झाडावर कंबर आणि दोन्ही मांड्या यांस धरणारा, पुढें कडी असलेला बैठकीचा पट्टा हवा. नुसता कमरपट्टा नको. त्यावर लोंबकळलेल्या माणसाचा श्वास कोंडतो. जोडावयाच्या कड्या आपोआप बंद होऊन कुलुपबंद होणाऱ्या असाव्यात, कारण साधी कडी डहाळीच्या दाबानें उघडते.

आतां चढण्याची रीत. मुख्य दोर बळकट बेचक्यांतून ओवतात आणि त्यावर सरकती गांठ मारतात. भार पडला कीं ती आवळते, हातानें सैल केली कीं सरकते. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनीं 1931 सालीं प्रसिद्ध केलेली गांठ याच जातीची आहे. वर जाण्यापूर्वीं दोघांनीं खालून दोरास लोंबकळून बेचकें पारखावें. शेवगा आणि गुलमोहर यांच्या फांद्यांवर विसंबूं नये, हें तर आपल्याकडील मुलांनाही ठाऊक असतें.

करवत हातीं घेतली कीं मात्र एक आधार पुरत नाहीं. ताणलेल्या दोरास दांता नुसता लागला तरी तो सुरीखालच्या धाग्यासारखा तुटतो. म्हणून खोडाभोंवतीं दुसरा आखूड दोर टाकावा. त्याच्या पोटांत पोलादी तार असल्यास उत्तम.

पायांस बांधावयाचे लोखंडी कांटे ज्याला त्याला आकर्षक वाटतात. ते केवळ मुळापासून काढावयाच्या झाडावर वापरावेत. जिवंत आंब्याची जखम कालांतरानें साल धरते. नारळाची जखम कधींच भरत नाहीं, कारण माडाच्या खोडांत नवें लाकूड घालणारा थर नसतो. कोंकणांत माडाला पाडलेल्या खांचा आजोबांच्या काळच्या असतील तरी तशाच दिसतात. केरळांत खोडास तारेचा फांस टाकून दोन पायपट्ट्यांवर चढण्याचें साधन निघालें आहे, त्यानें ही इजा टळते. मात्र त्यासही निराळा सुरक्षापट्टा जोडलाच पाहिजे.

दोर पारखण्यास विद्या लागत नाहीं. सबंध दोर बोटांमधून ओढावा. कोठें चपटा, कडक, पोकळ किंवा चकाकणारा लागला तर तो भाग गेला. मोटारीच्या बॅटरीशेजारीं ठेवलेला दोर दिसण्यांत नवा असला तरी घेऊं नये; आम्ल नायलॉनला आंतून खातें.

गेल्या मे महिन्यांत आमच्या अंगणांतील चिंचेसाठीं एक कारागीर आले. मीं म्हटलें, “दादा, दोर जरा पायरीवर पसरा.” त्यांस तें रुचलें नाहीं, पण पसरला. मध्यावर एक वीतभर भाग चपटा लागला. त्यांनीं स्वतः तो पुन्हां चाचपला, कांहीं न बोलतां दोर तेथून तोडला, आणि उरलेला पुरत नाहीं म्हणून काम उद्यांवर गेलें. त्या दिवसाची मजुरी मीं दिली. दुसऱ्या दिवशीं ते नवा दोर घेऊन आले.