दारूचा वास आणि डोक्याचा मार



मद्य घेऊन आलेला घरांतला एखादा माणूस न्हाणीघरांत घसरून पडतो, डोक्याला टेंगूळ येतें, आणि थोड्याच वेळांत तो घोरूं लागतो. अशा वेळीं घरचीं माणसें काय म्हणतात? “झोपूं द्या, सकाळपर्यंत उतरेल.” माझें आजचें भाषण या एका वाक्याविरुद्ध आहे.

कवटीच्या आंतल्या अंगाची एखादी धमनी फुटली, तरी रोगी कधीं कधीं प्रथम शुद्धीवर असतो. बोलतो, चालतो, पाणी मागून पितो. पुढें रक्त सांचत जातें, हाडाच्या पेटींत त्याला पसरावयास जागा नसते, मेंदू दाबला जातो आणि रोगी पेंगूं लागतो. ही गुंगी आणि मद्याची गुंगी बाहेरून सारखीच दिसते. मद्याची मात्र तासागणिक उतरते. ही चढत जाते. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर असे पुष्कळ रोगी बरे होतात, म्हणूनच त्या झोपेची भीति वाटते. वर्षानुवर्षें पिणाऱ्याचें रक्त लवकर गोठत नाहीं. त्याला लहानसा मारहि महागांत पडतो.

सांथीच्या दिवसांत हा घोटाळा वाढतो. २०२० च्या मार्चअखेर आपल्याकडे टाळेबंदी होऊन मद्याचीं दुकानें बंद झालीं, तीं ४ मेपासून ठिकठिकाणीं उघडूं लागलीं. ज्यांना रोजची संवय, त्यांचें मद्य एकाएकीं तुटलें म्हणजे एकदोन दिवसांतच आंकडी येऊं शकते, आणि आंकडींत पडलेल्याचें डोकें फुटतें. म्हणजे पिण्यानें पडणारे व न पिण्यानें पडणारे, असे दोन्ही! दक्षिण आफ्रिकेंत त्याच वर्षीं मद्यविक्री बंद होतांच रुग्णालयांतील अपघाती जखमींची गर्दी ओसरली. १ जूनला विक्री खुली होतांच ती पुन्हा वाढली. तेव्हां १२ जुलैला अध्यक्ष रामफोसा यांनीं पुन्हा बंदी घातली, ती मुख्यतः कोविडच्या रोग्यांसाठीं खाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून. बंदीच्या गुणदोषांत मी शिरत नाहीं. व्यसनाधीन माणसाला त्या दिवसांत वैद्य हवा होता, एवढें मात्र म्हणेन.

आपल्या घरांतून निराळीच अडचण होती. रुग्णालयांत नेलें तर सांथ जडेल, या भीतीनें मार लागलेला माणूस घरींच ठेवावा असें वाटे. ही भीति खोटी नव्हती. पण कवटींतला रक्तस्राव सांथ ओसरण्याची वाट पाहत नाहीं.

तेव्हां मद्य घेतलेल्याच्या डोक्याला मार लागला, कीं त्याला एकटें निजूं देऊं नये, रुग्णालयांत न्यावें. वारंवार ओकारी, एका डोळ्याची बाहुली मोठी, एक हात लुळा, आंकडी, कानानाकांतून पाणी, यांपैकीं कांहींहि दिसलें तर क्षणभरहि थांबूं नये. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ती येईपर्यंत, मानेला धक्का न लावतां, त्याला कुशीवर ठेवावें.

आणि डॉक्टरांस खरें सांगावें. सुशिक्षित घरांतून “जिन्यावरून पडले” एवढेंच कळतें. किती घेतली, केव्हां घेतली, हें लाजेनें गिळलें जातें. केव्हां पडले, नंतर काय बोलले, केव्हांपासून बोलेनासे झाले, हेंहि घड्याळ पाहून सांगावें.