गिरिपुष्प: बी की फाटे कलम?

प्रवरेकाठचं बेलापूर हा उसाचा मुलूख. 1926 साली भंडारदरा धरण पुरं झालं, या पट्ट्यात पाटपाणी खेळलं. पण ऊस आणि बेसुमार पाणी यांनी काळ्या जमिनीचा कस उतरला, काही शेतं चोपण झाली. शेणखत आता सगळ्यांना पुरत नाही. म्हणून हिरव्या खतासाठी बांधावर गिरिपुष्प हवा, आणि तोही फाटे कलमाने, म्हणजे फांदी रोवून, असं माझं मत आहे. त्याचा पाला नत्राने भरलेला असतो, जमिनीत लवकर कुजतो, आणि बियांच्या रोपापेक्षा कलमाचं झाड पाला लवकर देतं. फांदी मात्र पक्व, तपकिरी सालीची, साधारण मीटरभर लांबीची निवडावी. बुडाला तिरपा छेद द्यावा आणि पावसाच्या तोंडावर वीतभर खोल रोवावी. उलटी रोवली तर मेहनत वाया.

कलमाला सोटमूळ नसतं, वाऱ्यात झाड आडवं होईल, असा आक्षेप घेतात. तो खरा आहे, पण उंच वाढू दिलेल्या झाडाबाबत. बांधावरचा गिरिपुष्प आपण वरचेवर छाटतो, त्यामुळे शेंड्याला भार राहत नाही. मुरमाड, कोरडवाहू माळावर मात्र बीच लावा. तिथे खोल मूळच झाड जगवतं. आणि पाणी साचतं तिथे कलमं लावूच नका, ती बुडातून कुजतात. सगळे फाटे एकाच झाडाचे घेऊ नयेत, रोग आला तर सगळी रांग एकदम जाते. शंका असेल तर राहुरीचं कृषी विद्यापीठ जवळच आहे. लागवडीआधी तिथे विचारून घ्या.